‘पर्सनल’ या शब्दाने तुम्हाला कुठे अडवले? (अनुभव धागा)

मागच्या आठवड्यात आरोग्यविषयक एका पुस्तिकेचा अनुवाद तपासत असताना एकाच दुपारी ‘वैयक्तिक’ हा शब्द सात निरनिराळ्या जागी माझ्यासमोर आला: वैयक्तिक स्वच्छता, वैयक्तिक माहिती, वैयक्तिक टीका, वैयक्तिक भेट, वैयक्तिक लक्ष, वैयक्तिक सहायक आणि वैयक्तिक कारण. मूळ इंग्रजी मजकुरात या सातही जागी ‘पर्सनल’ हे एकच विशेषण होते. कोशातही त्याच्यापुढे ‘वैयक्तिक’ हाच प्रतिशब्द पहिला येत असल्यामुळे अनुवादकाला दोष देता येत नव्हता. तरीही वाचताना मन ठेचकाळत होते. मराठी माणूस वैयक्तिक भेट घेत नाही, तो समक्ष भेटतो. वरिष्ठ वैयक्तिक लक्ष देत नाहीत, ते जातीने लक्ष घालतात. मंत्र्यांकडे वैयक्तिक सहायक नसतो, स्वीय सहायक असतो. आणि अर्जात काहीही लिहिले तरी बोलताना आपण घरगुती कारण किंवा खासगी कारण असेच म्हणतो. पहिल्या तीन जागी मात्र ‘वैयक्तिक’ अगदी शोभून दिसत होता.

चार शब्द बदलताना माझ्या लक्षात आले की दरवेळी मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो: इथला ‘पर्सनल’ कशाच्या विरुद्ध उभा आहे? सामूहिक, सार्वजनिक, सरकारी, दुसऱ्याकरवी केलेले, परके, यांपैकी समोर काय आहे हे कळले की मराठी शब्द आपोआप हाती येत होता.

शब्दाच्या कुळाविषयी थोडेसे सांगतो. लॅटिनमध्ये ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा, मग त्या मुखवट्याने वठवलेली भूमिका, आणि रोमन कायद्याच्या भाषेत पुढे समाजात स्थान असलेला माणूस. त्यावरून ‘पर्सनॅलिस’ हे विशेषण झाले आणि ते फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरले. आपला ‘वैयक्तिक’ ‘व्यक्ती’वरून आला, जसा ‘व्याकरणा’वरून ‘वैयाकरण’ येतो, आणि ‘व्यक्ती’चा मूळ अर्थ प्रकट होणे, उघड दिसणे असा आहे. एका भाषेने माणसासाठी चेहरा झाकणारी वस्तू घेतली आणि दुसरीने उघड होण्याची क्रिया घेतली, हे मला फार विलक्षण वाटते.

आपल्या कामात, घरात किंवा आजारपणात हा शब्द तुम्हाला कुठे भेटला, कुठे अडला आणि कोणत्या मराठी शब्दाने तो सुटला, किंवा सुटलाच नाही, हे कृपया सविस्तर लिहावे. व्यक्तींची आणि संस्थांची नावे टाळावीत.

न्यायालयीन कागदपत्रांची अनुवादक

मी अठरा वर्षे हेच काम करते. एका आदेशाने आरोपीला ‘पर्सनल अपिअरन्स’मधून सूट दिली होती. घरच्यांनी मोबाइलवरून त्याचा अनुवाद करून घेतला होता आणि त्यात ‘वैयक्तिक स्वरूपातून सूट’ असे शब्द उमटले होते. आरोपीच्या वडिलांनी तो कागद चार घड्या घालून खिशात जपला होता आणि घडीच्या रेषेवरची अक्षरे पुसट झाली होती. त्यांचा प्रश्न एवढाच होता की पुढच्या तारखेला मुलाने यायचे की नाही. ‘जातीने हजर राहण्यापासून सूट’ असे मी लिहून दिले. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि ‘म्हणजे वकील आले तरी चालेल,’ असे ते स्वतःच म्हणाले.

‘जातीने’ या शब्दातल्या ‘जात’चा संस्कृत ‘जाती’शी काहीही संबंध नाही. हा अरबी-फारसीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ ‘स्वतः’ असा आहे. ‘पर्सनल बाँड’ला आपण जातमुचलका म्हणतो तो त्यामुळेच. अलीकडे सगळीकडे ‘वैयक्तिक जातमुचलका’ असे लिहिलेले आढळते, त्यात एकच अर्थ दोनदा येतो. अशीच मराठी घडण ‘पर्सनल सर्च’ची आहे, तिला अंगझडती म्हणतात, आणि ‘पर्सनल इंज्युरी’ची, ती शारीरिक इजा. इथे ‘पर्सन’ म्हणजे मन नव्हे, मत नव्हे, माणसाचे शरीर. याच्या उलट, इंग्रजी मृत्युपत्रातली ‘पर्सनल प्रॉपर्टी’ म्हणजे खासगी मालमत्ता असे जो लिहील तो वारसांना अडचणीत टाकील, कारण तिथे ती ‘रिअल प्रॉपर्टी’च्या, म्हणजे जमीनजुमल्याच्या विरुद्ध उभी असते आणि तिचा अर्थ साधारणपणे जंगम मालमत्ता असा होतो. ‘पर्सनल लॉ’ हाही एकट्या माणसाचा कायदा नव्हे. प्रदेशाला नव्हे तर माणसाला, तो ज्या समाजाचा त्या नात्याने, लागू होणारा तो कायदा आहे.

या विशेषणाचे वजन मला सर्वांत अधिक जाणवले ते राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या (‘पर्सनल लिबर्टी’च्या) हक्कात. मसुदा समितीने ‘लिबर्टी’च्या आधी ‘पर्सनल’ हा शब्द घातला तो अर्थ आखडून घेण्यासाठी, कारण नुसते ‘लिबर्टी’ ठेवले तर आज कलम १९ मध्ये असलेली निराळी स्वातंत्र्येही त्यात शिरतील अशी शंका तिला होती. १९५० च्या ए. के. गोपालन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अरुंद अर्थ धरला, १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणात तो रुंद केला, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचा हक्क जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्यात अंगभूत असल्याचा निर्णय दिला. अर्थ आवळण्यासाठी आणलेल्या शब्दाच्या पोटात पुढे ‘प्रायव्हेट’सुद्धा मावले.

धागाकर्ता

‘अंगझडती’ हा शब्द वाचून मी थांबलोच. ‘अंग’ हा ‘पर्सनल’चा प्रतिशब्द म्हणून माझ्या यादीत नव्हता आणि तो असायला हवा होता.

परिचारिका

रुग्णाच्या कागदावर ‘पर्सनल हिस्टरी’ असा एक रकाना असतो. ज्याला वैद्यकाची माहिती नाही त्याला वाटेल की त्यात घरातल्या गोष्टी लिहायच्या असतात. प्रत्यक्षात तिथे झोप, भूक, शौच-लघवी आणि व्यसन यांची नोंद होते. शिकाऊ मुलींना मी सांगते की रुग्णाला ‘तुमचा वैयक्तिक इतिहास सांगा’ असे कधीही विचारू नका, ‘झोप लागते का, भूक लागते का’ असे सरळ विचारा. तोंडाने विचारताना रकान्याचे नाव उच्चारण्याची गरजच नसते.

याच शब्दाचा दुसरा चेहरा रुग्णांच्या तोंडून ऐकू येतो. ‘सिस्टर, जरा पर्सनल प्रॉब्लेम आहे,’ असे बायका म्हणतात तेव्हा तो बहुधा पाळीचा किंवा अंगावरून जाण्याचा असतो, पुरुष म्हणतात तेव्हा बहुधा लैंगिक असतो, आणि कधीकधी घरात मारहाण होत असते. एक बाई तीन वेळा ‘पर्सनल आहे’ एवढेच म्हणून परत गेली. चौथ्या वेळी मी पडदा ओढला, तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, ‘ताई, शरीराचे आहे की घराचे?’ ती म्हणाली, ‘घराचे.’ तेव्हापासून मी हाच प्रश्न विचारते, कारण ‘पर्सनल’ हा शब्द लाज आणि भीती दोन्हींवर सारखेच पांघरूण घालतो.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. रुग्ण दगावला की त्याच्या वस्तूंची यादी करून त्या नातेवाइकांच्या ताब्यात द्यायच्या असतात. छापील कागदावर ‘पर्सनल बिलाँगिंग्ज’ आणि खाली मराठीत ‘वैयक्तिक सामान’ असे लिहिलेले असते. सामान म्हटले की डोळ्यांसमोर ट्रंक किंवा वळकटी येते. इथे असतो चष्मा, घड्याळ, कवळी, एखादी अंगठी, एखादी घडी केलेली चिठ्ठी. मी चष्म्याची काच गॉजने पुसून देते आणि तोंडाने म्हणते, ‘यांच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तू.’ कागदावरचा शब्द मला बदलता येत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानावर कोणता शब्द पडावा हे माझ्या हातात असते.

वाणिज्य शिकवणारे शिक्षक

हिशेबाच्या पारंपरिक वर्गीकरणात खात्यांचे तीन प्रकार असतात, आणि त्यांतला पहिला ‘पर्सनल अकाउंट’, मराठीत व्यक्तिगत खाते. विद्यार्थ्याला वाटते की हे मालकाचे स्वतःचे खाते असावे. वास्तविक मालकाचे भांडवल आणि उचल ही खाती त्यात येतातच, पण ज्याच्याकडून माल उधार घेतला तो व्यापारी, ज्याला विकला तो ग्राहक, बँक, कंपनी, संस्था, हे सर्व त्यातच येतात. इतकेच काय, ‘देणे असलेला पगार’ हे खातेही व्यक्तिगत ठरते, कारण त्या आकड्यामागे पगार मिळायचे बाकी असलेली माणसे उभी असतात. नियमही माणसाच्या भाषेत आहे: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा.

एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, ‘सर, बँक व्यक्ती कशी?’ मी तिला सांगितले की इथे ‘पर्सन’चा अर्थ हाडामांसाचा माणूस असा नसून, देणेघेणे ज्याच्याशी होऊ शकते, ज्याच्या नावाने मागणे करता येते, असा कोणीही असा आहे. मुखवट्याचा मूळ अर्थ मला इथे उपयोगी वाटतो, कारण व्यवहाराच्या रंगमंचावर ज्याला भूमिका आहे तो ‘पर्सन’. तिचे समाधान झाले आणि माझीही एक जुनी गाठ सुटली.

महाविद्यालयीन विद्यार्थी

आमच्या पिढीत हा शब्द विशेषण राहिलेलाच नाही. ‘ग्रुपवर नको, पर्सनलवर टाक,’ ‘पर्सनलला ये,’ ‘तिने पर्सनलवर विचारले’ अशी वाक्ये आम्ही दिवसभर लिहितो. मराठीचे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय लागून ते एका जागेचे नाव झाले आहे, जसे ‘ओट्यावर’ किंवा ‘माळ्यावर’. मागे कोणते नाम होते, मेसेज की चॅट, याची कोणाला आठवणही राहिलेली नाही. इंग्रजी बोलणारा मनुष्य असे म्हणणार नाही, त्यामुळे हा वापर अस्सल मराठी आहे असे मला वाटते. मोठ्यांना तो खटकतो हे मला माहीत आहे.

धागाकर्ता

मला खटकत नाही. भाषेने शब्द पचवला की त्याला प्रत्यय लागतात, आणि हा त्याचा स्पष्ट पुरावा आहे. मात्र ‘पर्सनलवर’ या जागेचे समोरचे टोक ‘ग्रुप’ आहे, म्हणजे इथला अर्थ ‘एकट्याला’ असा आहे. त्यात गुप्ततेची हमी नाही, हे लक्षात ठेवावे. एकट्याला पाठवलेले पुढे चौघांत फिरते, आणि त्यातून दुखावलेली माणसे मी पाहिली आहेत.

खगोलशास्त्राची अभ्यासक

‘माझे त्यांच्याशी पर्सनल इक्वेशन चांगले आहे,’ हे वाक्य मी कार्यालयांत, सभांत, सर्वत्र ऐकते आणि दरवेळी मला एका दुर्दैवी सहायकाची आठवण होते. ग्रिनिच वेधशाळेत आकाशातला तारा दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेची रेघ ओलांडतो तो क्षण टिपण्यासाठी निरीक्षक डोळ्याने तारा पाहत आणि कानाने घड्याळाचे ठोके मोजत असे. तिथले राजखगोलशास्त्रज्ञ (‘अ‍ॅस्ट्रॉनॉमर रॉयल’) नेव्हिल मॅस्केलिन यांना असे दिसले की त्यांचा सहायक डेव्हिड किनब्रुक हा त्यांच्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिरा वेळ नोंदवतो. १७९६ मध्ये त्याला कामावरून काढण्यात आले. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिश बेसेल यांनी नामवंत निरीक्षकांच्या नोंदी परस्परांशी ताडून पाहिल्या, तेव्हा कळले की असा फरक प्रत्येकातच असतो, त्यात निष्काळजीपणा नसतो, आणि तो मोजून वजा करता येतो. या फरकाला ‘पर्सनल इक्वेशन’ हे नाव पडले.

म्हणजे मूळ अर्थ दोन माणसांमधली मैत्री असा नसून, पाहणाऱ्याच्या स्वतःच्या घडणीमुळे निरीक्षणात येणारा फरक असा आहे. आज आपण ज्या अर्थाने हा शब्दप्रयोग करतो त्याला मराठीत ‘सूर जुळणे’, ‘चांगले जमणे’, ‘घरोबा असणे’ असे कितीतरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. मूळ अर्थासाठी मी माझ्या लेखनात ‘निरीक्षकसापेक्ष त्रुटी’ असा शब्द वापरत असे. आता ‘त्रुटी’ काढून ‘फरक’ म्हणते, कारण ‘त्रुटी’ म्हटले की किनब्रुकवर पुन्हा एकदा ठपका ठेवल्यासारखे होते.

आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले लिपिक

माझी पूर्ण नोकरी टपाल फोडण्यात गेली. पाकिटावर ‘गोपनीय’ असेल तर ते कोणी फोडायचे याचे नियम होते आणि तसा अधिकार दिलेला माणूस ते फोडत असे. परंतु ‘पर्सनल’ असे लिहिलेले पाकीट ज्याच्या नावाचे असेल त्यानेच फोडायचे, मग आत निमंत्रणपत्रिका का असेना. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हाच भेद शिकवत असे की ‘गोपनीय’ म्हणजे मजकूर जपायचा आणि ‘पर्सनल’ म्हणजे माणूस जपायचा.

एका कनिष्ठ सहकाऱ्याने घाईत असे एक पाकीट कात्रीने कापले. आत अधिकाऱ्याच्या मुलीचे पत्र होते, वहीच्या आडव्या रेघांच्या कागदावर, आणि पहिली ओळ ‘बाबा, हे आईला दाखवू नका’ अशी होती. त्याने त्यापुढे एक अक्षरही वाचले नाही. तो तसाच आत गेला आणि काय घडले ते त्याने सांगितले. साहेबांनी पत्र घेतले, कापलेली कड बोटाने चाचपली आणि ‘बरे केलेत सांगितलेत ते’ एवढेच म्हणाले. त्यानंतर त्या विभागात एक रबरी शिक्का आला: ‘व्यक्तिशः, न फोडता देणे’. ‘वैयक्तिक’ या विशेषणापेक्षा ‘व्यक्तिशः’ हे क्रियाविशेषण तिथे अधिक नेमके होते, कारण पाकीट कसे आहे हे सांगण्यापेक्षा ते कोणाच्या हाती द्यायचे हे सांगणे महत्त्वाचे होते.

दुसरा अनुभव ‘पर्सोनेल’चा. हा शब्द फ्रेंचमधून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला, त्यात दोन ‘एन’ असतात, शेवटी ‘ईएल’ असते, उच्चारात जोर शेवटच्या अक्षरावर असतो, आणि त्याचा अर्थ कर्मचारीवर्ग असा आहे. एका परिपत्रकात ‘पर्सोनेल फाइल्स’ तपासण्यास मागवल्या होत्या आणि मराठी प्रतीत ‘कर्मचाऱ्यांच्या खासगी फायली’ असे छापून आले. दोन दिवस सर्व मजल्यांवर अस्वस्थता होती. एका बाईंनी आपल्या टेबलाच्या खणातली आजारपणाची कागदपत्रे घरी नेऊन ठेवली. प्रत्यक्षात मागितली होती ती सेवापुस्तके, जी मुळातच कार्यालयाच्या कपाटात होती.

‘स्वीय’ या शब्दाविषयी दोन ओळी. ‘स्व’पासून झालेला हा सुंदर शब्द स्वीय सहायक आणि स्वीय प्रपंजी लेखा (‘पर्सनल लेजर अकाउंट’) या दोन जागी अडकून पडला आहे. तो सरकारी चौकटीबाहेर आणावा असे मला फार वाटते.

प्राथमिक शाळेतील शिक्षिका

‘पर्सनल प्रोनाउन’ला मराठीत पुरुषवाचक सर्वनाम म्हणतात. ‘मी, आम्ही’ हा प्रथम पुरुष असे फळ्यावर लिहिले, तेव्हा सहावीतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘बाई, मी तर मुलगी आहे, मग मी पुरुष कशी?’ वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. संस्कृत व्याकरणात ‘पुरुष’ ही संज्ञा बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो, या तीन स्थानांना दिलेली आहे; तिच्यात स्त्री-पुरुष भेद नाही. शिवाय संस्कृतातला प्रथम पुरुष म्हणजे ‘तो’ आणि ‘मी’ तिथे उत्तम पुरुष असतो, म्हणजे आपल्या शाळेतला क्रम त्याच्या उलट आहे, हेही मी तिला सांगितले. तिने वहीत ‘बोलणारी’ असा शब्द लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली. मी तो खोडला नाही. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, पुरुषालाही आपण ‘ती व्यक्ती’च म्हणतो, हे मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम शिकवले.

संगणक प्रणालींचे मराठीकरण करणारी

आमच्याकडे ‘पर्सनल’ आणि ‘प्रायव्हेट’ हे दोन्ही शब्द एकाच पडद्यावर शेजारीशेजारी येतात, त्यामुळे एकाला ‘वैयक्तिक’ आणि दुसऱ्याला ‘खासगी’ अशी वाटणी आम्ही कायमची करून टाकली आहे. ही वाटणी केवळ सोयीची नाही. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात ‘पर्सनल डेटा’ म्हणजे ओळखल्या गेलेल्या किंवा ओळखता येऊ शकणाऱ्या जिवंत माणसाशी संबंधित कोणतीही माहिती. भारताच्या २०२३ च्या अधिनियमाचीही कल्पना हीच आहे. माझे नाव कार्यालयाच्या दारावर लावलेले आहे, ते मुळीच खासगी नाही, पण ते वैयक्तिक आहे. ‘खासगी माहिती’ असा अनुवाद केला की वाचणाऱ्याला वाटते, माझे गुपित तर काही यात नाही, मग द्यायला काय हरकत आहे. आणि तो बेधडक संमती देऊन मोकळा होतो. एका शब्दाच्या चुकीने माणूस आपला हक्क सोडून देतो, म्हणून मी या बाबतीत हट्टी आहे.

‘पर्सनलाइझ्ड’साठी ‘वैयक्तिकृत’ हा शब्द रूढ झाला आहे, पण तो मला कधीच आवडला नाही. ‘तुमच्यासाठी निवडलेल्या जाहिराती’ असे लिहिले तर जागा थोडी जास्त लागते आणि अर्थ लहान मुलालाही कळतो.

धावपटूंचे प्रशिक्षक

आमच्याकडे ‘इंडिव्हिज्युअल’ आणि ‘पर्सनल’ दोन्ही ‘वैयक्तिक’ होतात आणि तिथे घोटाळा होतो. वैयक्तिक पदक म्हणजे संघाचे नव्हे ते. ‘पर्सनल बेस्ट’ मात्र दुसऱ्या कोणाशी नव्हे, स्वतःच्याच मागच्या वेळेशी ताडायचे असते. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि तिची ती आजवरची सर्वांत चांगली वेळ होती. ‘वैयक्तिक सर्वोत्तम’ असे मी म्हणालो असतो तर तिला ते सांत्वन वाटले असते. मी म्हणालो, ‘आज तू स्वतःला मागे टाकलेस.’

पुस्तकांचे संपादन करणारी

‘पर्सनली घेऊ नका’ हे वाक्य मी अनेक वर्षे लेखकांना सांगत आले. त्याचे मराठी ‘मनाला लावून घेऊ नका’ असे आहे, आणि दोन्हींत फार मोठे अंतर आहे हे मला उशिरा कळले. ‘पर्सनली’ म्हणताना मी असे गृहीत धरते की टीका लिखाणावर आहे, लेखकावर नाही, आणि त्याने हा भेद ओळखावा. ‘मनाला लावून घेऊ नका’ म्हणताना मी मान्य करते की बोलणे टोचणारे आहे, ते मनाला लागू शकते, आणि तसे होऊ नये अशी माझी इच्छा आहे. पहिल्यात समोरच्याच्या समजुतीवर बोट आहे, दुसऱ्यात माझ्या बोलण्याची जबाबदारी आहे. एका लेखिकेने आपल्या आजारपणावर लिहिलेल्या मजकुराविषयी मी ‘पर्सनली घेऊ नका’ असे म्हणाले तेव्हा तिने शांतपणे विचारले, ‘माझ्या आजारावरचे लिखाण मी आणखी कसे घेऊ?’ तिच्याकडे मी क्षमा मागितली. त्या दिवसापासून मी ते वाक्य वापरत नाही.

सभेतल्या वादात ‘पर्सनल होऊ नका’ म्हणतात त्याला मात्र मराठीत चांगला पर्याय आहे: ‘मुद्द्यावर बोला, माणसावर नको.’

एक वाचक

सर्वांनी मराठी शब्द शोधून दिले, म्हणून मी दुसरी बाजू सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचे बाळ पोटातच गेले. पत्नी रुग्णालयात होती आणि मला चार ओळींचा रजेचा अर्ज लिहायचा होता. ‘कारण’ या शब्दापुढे माझा हात थांबला. ‘घरगुती कारण’ लिहिले असते तर कोणाचे लग्न, कोणाची बारसे-मुंज, असे कोणीतरी सहज विचारले असते. ‘खासगी कारण’ लिहिले असते तर त्यात काही दडवल्याचा वास आला असता. खरे ते लिहिण्याचे बळ माझ्यात नव्हते. मी ‘पर्सनल’ असे लिहिले. तो शब्द परका होता, थंड होता, आणि त्या सकाळी मला तसाच शब्द हवा होता, कारण जवळच्या भाषेतला प्रत्येक शब्द मला रडवत होता.

वरिष्ठांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले आणि काहीही विचारले नाही. किती दिवसांची रजा हवी तो रकाना मी रिकामाच ठेवला होता. त्यांनी तो भरला नाही, मलाही भरायला लावला नाही. खाली ‘मंजूर’ एवढेच लिहून सही केली.